टॉपमागे मजुरी ४२० रुपये

नोंदणीचे ४९९, लोकरीच्या किटची अनामत २,४९९, तयार टॉप परत पाठवायला कुरिअरचे ३४० आणि शेवटी ‘सेटलमेंट’ म्हणून ५,९००. घरबसल्या विणकामाच्या नावाखाली मी फसले ती रक्कम, एकूण ९,२३८ रुपये. आकडा आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी हळूच विचारायला नको.

‘घरबसल्या काम’ या नावाखाली काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पेन्सिली भरा, अगरबत्त्या वळा, डेटा एंट्री करा. मलाही ठाऊक होतं. पण ती कामं मला येत नव्हती म्हणून मी त्या वाटेला गेले नाही. हे काम येत होतं. लग्नाआधीपासून सुया हातात आहेत, नात्यातल्या निम्म्या पोरांचे बाळंतविडे माझ्या हातचे आहेत. फोनवरची मुलगी स्वच्छ मराठीत म्हणाली, ‘काकू, असा हात आता मिळत नाही हो.’ तिने फक्त एक सुलट-उलट विणीचा फोटो पाहिला होता.

लुधियानाची एक्स्पोर्ट कंपनी, परदेशात उन्हाळी टॉप जातात, फॅन्सी लोकर त्यांची, नमुना त्यांचा, दहा टॉप विणायचे, टॉपमागे मजुरी ४२० रुपये. हो, चारशेवीसच. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय, तरी चारशेवीस म्हटलं की शेंबड्या पोरालाही कळतं. मी मात्र दहा टॉपचे ४,२०० असा हिशेब करत बसले.

बिलावर जीएसटी नंबर होता, म्हणून विश्वास बसला. तो नंबर ०७ ने सुरू होत होता. पहिले दोन आकडे राज्याचे असतात: पंजाबचे ०३, दिल्लीचे ०७, आपले २७. लुधियानाच्या कंपनीचा नंबर दिल्लीचा कशाला असेल? जीएसटीच्या साइटवर नंबर टाकला की कुणाच्या नावावर आहे ते फुकटात दिसतं. पैसे भरायच्या आधी टाका, नंतर टाकून मनस्ताप तेवढा होतो.

किट खरंच आलं, आणि तिथेच मी निर्धास्त झाले. पैसे घेऊन पळणारे पार्सल पाठवत नाहीत, असं आपलं गणित असतं. पिस्ता रंगाचे गुंडे, चपट्या फितीसारखा धागा, मध्ये टिकल्या, थोड्या थोड्या अंतरावर फुगवटे. लेबलवर ‘कॉटन’ एवढंच. लॉट नंबर नाही, वजन नाही. बाजारातल्या लोकरवाल्याला नंतर दाखवला तर म्हणाला, असला उरलेला माल ३५ रुपये गुंडा, घासाघीस केली तर तीसला. दहा गुंड्यांचे साडेतीनशे, आणि मी अनामत भरली २,४९९.

आता ती गोष्ट सांगते जी आठवली की अजून तळपायाची आग मस्तकात जाते. जाऊबाई आल्या होत्या, धागा बोटांत चोळून म्हणाल्या, ‘कॉटन नाही गं हे, जाळून बघ.’ सुती धागा जळताना कागदासारखा वास येतो आणि मागे मऊ राख उरते. हा आकसला, वितळला आणि काळा टणक मणी होऊन बसला. पॉलिस्टर! लेबल खोटं आहे हे माझ्या गॅसच्या ओट्यावर सिद्ध झालं होतं. मी तो मणी नखाने खरवडून टाकला आणि टाके घालायला घेतले. का? कारण २,९९८ रुपये जाऊन बसले होते. माल त्यांचा, विकणार ते, मला माझ्या मजुरीशी मतलब. माझ्या जागी कुणीही हेच म्हणालं असतं. जाऊबाई म्हणतात, त्या म्हणाल्या नसत्या. बरं.

खरी लबाडी धाग्यातच होती, आणि ती कुणी सांगत नाही म्हणून लिहितेय. नमुन्यात चार इंचांत २२ टाके, छाती ३४ इंच, अर्ध्या इंचाच्या वर फरक चालणार नाही. धागाच कुठे जाड कुठे बारीक, तर २२ टाके दर वेळी चार इंचांत बसणार कसे? वर तो निसरडा. सुईवरून सुटतो, आणि घट्ट विणला तरी आपल्याच वजनाने खाली ओघळतो. चूक दिसली तर उसवावं म्हणाल, तर टिकल्या एकमेकींत अडकतात आणि फीत चिरते. त्या मापात तो टॉप कुणाच्याच हातून उतरणार नाही, म्हणूनच तो धागा दिला होता. चाचणीचा तुकडा मी विणला होता, पण टेबलावर सपाट ठेवून मोजला. फॅन्सी लोकर असेल तर तुकड्याला खाली चिमटे लावून रात्रभर टांगा आणि सकाळी मोजा, मग ती स्वतःच्या टॉपसाठी का असेना.

टॉप पोचल्यावर व्हिडिओ आला: छातीला टेप, ३६ इंच. ‘क्वालिटी रिजेक्ट.’ अनामत जप्त. वर ‘वकिलाची नोटीस’ व्हॉट्सॲपवर: कराराचा भंग, दंड ११,८००, दोन तासांत निम्मे भरले तर प्रकरण बंद, नाहीतर घरी पोलीस. करार म्हणजे स्टॅम्प पेपरचा स्कॅन, तोही दुसऱ्याच राज्याचा. घरात मुलीच्या लग्नाची बोलणी चालली होती. दारात पोलीस नकोत म्हणून ५,९०० भरले. कागदावर दंड लिहिला म्हणून तो वसूल होत नाही, करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाई किती ते न्यायालय ठरवतं, हे एका ओळखीच्या वकिलांनी नंतर सांगितलं. यूपीआयच्या क्यूआर कोडसकट आलेली नोटीस कुठल्या वकिलाची असते हो?

बँकेत गेले. ‘मॅडम, पिन तुम्हीच टाकलाय ना?’ हो, मीच टाकलाय. रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक आपल्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी होतं, त्यात मी बसत नव्हते, हे त्यांनी काउंटरवरून चार माणसांत, खणखणीत आवाजात सांगितलं. समोरच्या खात्याचं काय, तर ‘ते दुसऱ्या बँकेत आहे.’

पोलीस ठाण्यात त्याहून गंमत. एक म्हणाले, हे दिवाणी आहे. दुसरे म्हणाले, सायबरचं आहे, तिकडे जा. तिकडचे म्हणाले, माल कुरिअरने आला ना, मग ऑनलाइन फसवणूक कशी? एकाने टॉपचा फोटो मोठा करून पाहिला आणि विचारलं, ‘हे विणायला एवढं काय अवघड?’ अर्ज ठेवून घेतला, पोच देईनात. पोच मागितली तर मीच हट्टी. रक्कम लहान आहे, काकू, सोडून द्या. लहान? त्यांच्या खिशातली गेली असती तर?

पैसे गेले की आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. पुढच्या खात्यात रक्कम असेपर्यंतच ती अडवता येते. मी नोटिशीच्या भीतीने गप्प बसले आणि तेवढ्यात खातं रिकामं झालं. चॅट, व्हिडिओ, पार्सलवरचा पत्ता काहीही डिलीट करू नका. फोनवरच्या त्या मुलीने तिकडून सगळे मेसेज पुसले, माझ्याकडे स्क्रीनशॉट आहेत म्हणून निभावलं. हद्दीचं कारण सांगून ठाण्यातून परत पाठवता येत नाही, आणि तक्रार नोंदवायला नकार दिला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली ती लेखी, टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. मी रजिस्टर पोस्टाने पाठवली, सोबत धाग्याचा एक जळका आणि एक न जळका तुकडा पाकिटात घालून. पोचपावती आली आहे. उत्तर नाही.