मानवशास्त्राची पहिली दोन वर्षे : कम्युनिटी कॉलेज की थेट विद्यापीठ?

कॅलिफोर्नियात बारावी करून मानवशास्त्राकडे वळणाऱ्यापुढे दोन मार्ग असतात : थेट युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात चार वर्षांसाठी प्रवेश घेणे, किंवा पहिली दोन वर्षे कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी महाविद्यालयात, शिकून तिसऱ्या वर्षी तिथे दाखल होणे.

खर्चाचा हिशेब लगेच मांडता येतो. राज्याच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात एका युनिटमागे (अभ्यासक्रम मोजण्याच्या एककामागे) ४६ डॉलर पडतात, म्हणजे ६० युनिटांचे २,७६० डॉलर. विद्यापीठात एका वर्षाचेच शुल्क १४ हजारांच्या वर जाते. मात्र पुण्या-मुंबईहून विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्याला हा दर लागू नाही. त्याला परराज्याचे, कित्येक पटींनी जास्त शुल्क भरावे लागते आणि या मार्गाची निम्मी गोडी तिथेच कमी होते.

खरा फरक अध्यापनात आहे. जैविक, सांस्कृतिक, भाषिक आणि पुरातत्त्व या चार शाखांची तोंडओळख दोन्हीकडे जवळजवळ सारखीच होते. विद्यापीठात मात्र ती बहुधा शेकडोंच्या सभागृहात होते आणि प्रात्यक्षिके पदव्युत्तर विद्यार्थी घेतात. कम्युनिटी कॉलेजात वर्ग लहान असतो आणि प्राध्यापक स्वतःच प्रयोगशाळेत उभे असतात. ऑस्ट्रॅलोपिथेकस या मानवकुळातील प्राचीन जीवाच्या कवटीचा साचा हातात उलटा धरून, मज्जारज्जू जिथून आत शिरतो ते छिद्र चिंपांझीच्या तुलनेत किती पुढे सरकले आहे हे बोटाने चाचपले, की दोन पायांवर चालण्याचा पुरावा पाठ करावा लागत नाही. एवढ्यासाठी मी कम्युनिटी कॉलेजाच्या बाजूने झुकतो. अर्थात तिथले बरेच अध्यापक अर्धवेळ असतात, दोन-तीन कॉलेजांत धावपळ करतात आणि तासानंतर सापडतीलच असे नाही.

उणीव जाणवते ती संशोधनाची. विद्यापीठात पहिल्या वर्षापासून एखाद्या प्राध्यापकाच्या प्रकल्पात शिरकाव करता येतो. तिसऱ्या वर्षी आलेल्याला मार्गदर्शक शोधणे, पद्धतींचे अभ्यासक्रम पुरे करणे आणि प्रबंध लिहिणे हे सारे दोनच वर्षांत बसवावे लागते. ज्याला पुढे पीएच.डी. करायचीच आहे आणि घरचा खर्च झेपणारा आहे, त्याने थेट विद्यापीठ गाठावे. याउलट, अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या १९६६ च्या वारसा संरक्षण कायद्यामुळे रस्ते-धरणांआधी जी पुरातत्त्वीय पाहणी होते त्या क्षेत्रात नोकरी हवी असेल, तर पदवीसोबत उत्खननाचा प्रत्यक्ष अनुभव विचारला जातो. पहिली दोन वर्षे कुठे झाली हे तिथे गौण ठरते.

कम्युनिटी कॉलेजातून विद्यापीठात बदली मिळण्याची हमी आहे, पण तिला मर्यादा आहेत. मानवशास्त्रातील बदलीसाठीची सहयोगी पदवी (कम्युनिटी कॉलेजाची दोन वर्षांची पदवी) कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी या राज्याच्या दुसऱ्या विद्यापीठात जागा मिळवून देते, मात्र मनाजोगत्या संकुलातच मिळेल असे नाही. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची सहा संकुले, उदाहरणार्थ डेव्हिस आणि सांता बार्बरा, अटी पूर्ण करणाऱ्याला प्रवेशाची हमी देतात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन दिएगो देत नाहीत. या हमीचा अर्ज एकाच संकुलासाठी, सप्टेंबर महिन्यातच करता येतो. म्हणून कोणता विषय कुठे ग्राह्य धरला जातो हे ‘असिस्ट’ या संकेतस्थळावर पहिल्या सत्रातच पडताळून समुपदेशकाची भेट घ्यावी.