दाभोळचा संगणक, चिपळूणचा सर्व्हर: अपडेट घ्यायचे कुठून?

एक मुख्य कार्यालय, चार-पाच शाखा आणि डोमेनला (एका मध्यवर्ती सर्व्हरच्या ताब्यातल्या कार्यालयीन जाळ्याला) जोडलेले वीस-पंचवीस विंडोज संगणक, असा संसार ज्यांच्या गळ्यात आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. डब्ल्यूसस, म्हणजे विंडोजचे अपडेट स्वतःच्या सर्व्हरवरून वाटायची मायक्रोसॉफ्टची सोय, कशी बसवतात हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. प्रश्न एवढाच की अपडेट स्वतःच्या सर्व्हरवरून वाटायचे, की प्रत्येक संगणकाला थेट मायक्रोसॉफ्टकडून घेऊ द्यायचे आणि एकाने उतरवलेलं शेजारच्याला द्यायला लावायचं. एका पतसंस्थेसाठी मी दोन्ही करून बघितलंय.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे मोफत अपडेट थांबले, तेव्हा शाखांमधली जुनी यंत्रं बदलायला घेतली. नवा संगणक डोमेनला जोडला की अपडेटचं गाऱ्हाणं ठरलेलं. त्यातली सरळ गाऱ्हाणी आधी उरकतो.

८०२४४०२सी हा एरर कोड आला की अपडेटच्या सर्व्हरचं नावच सापडत नाहीये असं समजा. शाखेतला राउटर डोमेनच्या डीएनएसच्या (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरच्या) जोडीला स्वतःच्या मर्जीने बाहेरचा एखादा वाटतो, आणि त्या बाहेरच्याला तुमच्या कार्यालयातला सर्व्हर कुठून माहीत असणार? ८००७२ईएफडी असेल तर पॉलिसीतल्या (डोमेनमधून संगणकांना एकदम लागू होणाऱ्या सेटिंगमधल्या) सर्व्हरच्या पत्त्याच्या शेवटी ८५३० हा पोर्ट लिहायचा राहिलाय का, आणि फायरवॉलने तो पोर्ट अडवलाय का, ते बघा. सर्व्हर ८५३१ वर, म्हणजे सुरक्षित जोडणीवर, चालवत असाल आणि ८००७२एफ८एफ दिसला, तर प्रमाणपत्र तपासण्याआधी संगणकाचं घड्याळ बघून घ्या.

काही संगणक मात्र तक्रारच करत नाहीत, आणि माझा जास्त वेळ त्यांनीच खाल्लाय. डोमेनला नव्याने जोडलेला संगणक आपोआप 'कॉम्प्युटर्स' नावाच्या डब्यात जाऊन पडतो. तो डबा ओयू (डोमेनमध्ये संगणकांचे गट करायचा कप्पा) नाही, त्याला पॉलिसी जोडताच येत नाही. तुम्ही डब्ल्यूससची पॉलिसी शाखेच्या ओयूला लावलेली, हा बिचारा डब्यात बसलेला, आणि अपडेट थेट बाहेरून घेतोय. त्याच्या पडद्यावर सगळं हिरवंगार. रेडिरसीएमपी ही कमांड एकदा चालवली की नवे संगणक हव्या त्या ओयूमध्ये उतरतात. ही कमांड मला फार उशिरा कळली.

दुसरी गंमत क्लोनची. एका संगणकाची प्रतिमा सिसप्रेप न करता, म्हणजे मूळ संगणकाची ओळख न पुसता, बाकीच्यांवर ओतली की सगळ्यांचा सुस-क्लायंट-आयडी (डब्ल्यूसस ज्यावरून संगणक ओळखतो तो क्रमांक) एकच होतो. मग सर्व्हरच्या यादीत सकाळी गुहागरचा संगणक दिसतो, दुपारी तो गायब होऊन त्याच जागी दापोलीचा. रजिस्ट्रीतून (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यातून) तो आयडी आणि त्याच्या शेजारची सुस-क्लायंट-आयडी-व्हॅलिडेशन ही नोंद पुसून अपडेटची सेवा पुन्हा सुरू केली की प्रत्येकाला आपापली ओळख मिळते. हा घोळ मीच घातला होता, त्यामुळे बोलायची सोय नाही.

इथवरचं सगळं चालवून घेता येतं. तराजू हलला तो दाभोळला.

त्या दिवशी गुहागरचं काम आटोपून धोपाव्याहून फेरीबोटीने पलीकडे गेलो. दाभोळच्या शाखेत दोन नवे संगणक जोडायचे होते. जोडले, ओयूमध्ये टाकले, पॉलिसी लगेच लागू करणारं जीपीअपडेट चालवलं. अपडेट तपासायला सांगितल्यावर ८०२४४०२२. डीएनएस बघितला, बरोबर. पत्ता बघितला, बरोबर. फायरवॉल क्षणभर बंद करून बघितली. अपडेटच्या फाइलींचं फोल्डर रिकामं केलं, जे आपण सगळेच काही सुचेनासं झालं की करतो. शाखाधिकारी ताईंनी दुसऱ्यांदा चहा पाठवला आणि हळूच विचारलं, "दादा, जुना होता तोच बरा होता का हो?"

८०२४४०२२ म्हणजे सर्व्हरकडून आलेलं ५०३ हे उत्तर. पलीकडे दुकान आहे, पण शटर ओढलेलं. चिपळूणच्या मुख्य कार्यालयातल्या सर्व्हरवर डब्ल्यूससचा अॅप्लिकेशन पूल, म्हणजे संगणकांच्या विनंत्यांना उत्तर देणारी प्रक्रिया, थांबला होता. या पुलाला मूळची मेमरीची मर्यादा १८,४३,२०० केबी, म्हणजे पावणेदोन जीबीच्या आसपास. अपडेटची यादी वाढत गेली, त्यात नवे संगणक एकदम पहिली तपासणी करायला आले की तो धापा टाकतो. मर्यादा शून्य, म्हणजे अमर्याद, करायची आणि रांगेची लांबी १००० वरून २००० करायची, हा ठरलेला उपाय आहे. मुख्य कार्यालयातल्या पोराला फोनवर सांगून तो करून घेतला. पाच मिनिटांचं काम. तोवर संध्याकाळ झाली होती.

एरर दाखवणारा संगणक खाडीच्या या तीराला आणि बिघाड मागे चिपळुणात, हे मला खटकलं ते आजतागायत. जुने संगणकही त्याच पुलावर अडले होते, पण ते बावीस तासांतून एकदाच विचारतात, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. दुरुस्तीनंतरही तेच. पॉलिसी दीड-दोन तासांनी ताजी होते, अहवाल सवडीने येतो, आणि 'अजून अहवाल दिलेला नाही' या ओळीकडे बघून काम झालं की नाही ते सांगता येत नाही.

त्यानंतर शाखा मी थेट अपडेटवर नेल्या. गुणवत्ता अपडेट (दर महिन्याच्या दुरुस्त्या) सात दिवस पुढे ढकलले (३० पर्यंत ढकलता येतात), आवृत्ती बदलणारे मोठे अपडेट बरेच लांब (तिथे मर्यादा ३६५ दिवसांची), आणि डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन (एकाने उतरवलेलं शेजारच्याला द्यायची सोय) शाखेच्या नेटवर्कपुरतं चालू ठेवलं. संगणकांच्या आपसातल्या वाटणीला ७६८० हा पोर्ट उघडा लागतो, आणि मूळ सेटिंगमध्ये ४ जीबीपेक्षा कमी रॅमच्या यंत्राला या वाटणीत घेत नाहीत. दोन संगणकांच्या शाखेत फार वाचतं असं मला वाटत नाही, पण निदान लाइन दोनदा भरत नाही. एक काळजी घ्या. जुन्या पॉलिसीतला सर्व्हरचा पत्ता नीट काढा. यूज-डब्ल्यूयू-सर्व्हर ही नोंद १ राहिली तर संगणक मुकाट्याने जुन्याच दारात जाऊन उभा राहतो.

उणीव आहेच. कोणता संगणक मागे पडलाय हे एका जागी बसून दिसत नाही. त्यासाठीच्या इंट्यून या मायक्रोसॉफ्टच्या सेवेचा खर्च आमच्या संचालक मंडळापुढे मांडायची माझी छाती नाही, म्हणून महिन्यातून एकदा वहीत नोंद करतो. शिवाय रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली की त्या शाखेचे अपडेट तेवढे दिवस लांबतात. खरं तर चिपळूणला जाणारा टनेलही (शाखेची मुख्य कार्यालयाशी खाजगी जोडणी) त्याच केबलवरून होता, तेव्हा यात नवं नुकसान काही नाही.

डब्ल्यूसस मोडीत काढा असं मी म्हणणार नाही. काउंटरच्या संगणकांना इंटरनेट द्यायचंच नाही असा तुमचा नियम असेल, तर दुसरा मार्ग जवळपास नाहीच. एका छपराखाली पंधरा-वीस संगणक आणि बारीक लाइन असेल तरी ते चांगलं. आमच्या मुख्य कार्यालयात अजून तेच चालू आहे. मधला रस्ताही आहे: मंजुरी डब्ल्यूससवर द्यायची, फाइली मात्र सर्व्हरवर न साठवता संगणकांनी मायक्रोसॉफ्टकडून घ्यायच्या. पण त्यातही पूल थांबला की सगळे थांबतात. सप्टेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने डब्ल्यूससमध्ये नव्याने भर घालणार नसल्याचं जाहीर केलंय. सर्व्हर २०२५ मध्ये ते आहे, उद्या बंद पडणार नाही, पण नव्याने मांडायचं असेल तर हे ध्यानात असू द्या.

थेट अपडेटवरही एरर येतात, ८००७२ईई२ तर लाइन मंदावली की हमखास. फरक इतकाच की ताईंचा फोन आला की मी विचारतो, "बाकी नेट चालू आहे का?" नाही म्हणाल्या तर लाइनवाल्याला फोन करतो. गेल्या महिन्यात दाभोळला गेलो होतो, पण ते प्रिंटरसाठी.