यूएन ट्रीटी कलेक्शनची वेबसाईट, एक सेमिस्टर वापरल्यानंतर

इंटरनॅशनल लॉ शिकताय तर विकतच्या नोट्स घ्यायच्या आधी ही साईट उघडा, अगदी मनापासून सांगतेय. फुकट आहे. माझ्या नोट्समध्ये आयसीजेच्या (आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या) स्टॅच्यूटचं आर्टिकल ३८, म्हणजे आंतरराष्ट्रीय कायदा कुठून येतो त्याची यादी, छान पाठ होईल असं दिलेलं: करार, प्रथा, कायद्याची सर्वसाधारण तत्त्वं आणि दुय्यम म्हणून कोर्टाचे निकाल नि विद्वानांचं लिखाण, पण सही आणि रॅटिफिकेशन (करार आपल्यावर बंधनकारक आहे अशी देशाने दिलेली अंतिम मंजुरी) यांतला फरक एका ओळीत उरकलेला आणि पेपरात मी नेमकी तिथेच आपटले.

इथे यूएनच्या सरचिटणीसांकडे ठेवलेले ५६० च्या वर बहुपक्षीय करार आहेत आणि प्रत्येकाचं स्टेटसचं पान. कुणी कधी सही केली, कधी रॅटिफाय केलं, कोण मागाहून ॲक्सेशनने, म्हणजे आधी सही न करता थेट सामील होऊन, आलं, सगळं तारखेसकट. बालहक्क कराराचं पान बघा, अमेरिकेची १९९५ ची सही आहे आणि पुढचा रकाना रिकामा.

मला नॉर्थ सी कॉन्टिनेन्टल शेल्फची केस, म्हणजे समुद्रतळाच्या हद्दीवरून आयसीजेत गेलेला वाद, खरी कळली ती अशा पानामुळेच. कॉन्टिनेन्टल शेल्फबद्दलच्या १९५८ च्या करारावर पश्चिम जर्मनीची सही होती पण रॅटिफिकेशन नव्हतं, म्हणून डेन्मार्क आणि नेदरलँड्स म्हणायला लागले की त्यातला समान अंतराचा नियम (हद्द दोन्ही देशांच्या किनाऱ्यांपासून सारख्या अंतरावर आखायची) आता प्रथाच झालाय, तो जर्मनीलाही लागू. १९६९ मध्ये कोर्ट म्हणालं नाही, देश तसं वागतात एवढं पुरत नाही, कायद्याने बांधलेलो आहोत म्हणून तसं वागतोय ही भावनाही हवी. ओपिनिओ ज्युरिस म्हणतात ते हेच, आणि एका रिकाम्या रकान्यावरून एवढा सगळा वाद उभा राहिला हे बघून मी दोन दिवस तेच वाचत बसले.

यादी बघून पान बंद करू नका, खालपर्यंत स्क्रोल करा, खरी मजा रिझर्व्हेशन्समध्ये आहे, म्हणजे करार स्वीकारताना अमुक कलम आम्हाला लागू नाही असं देशांनी लिहून दिलेलं असतं त्यात. १९४८ च्या जेनोसाईड (वंशसंहार) कराराखाली कितीतरी देशांनी आर्टिकल ९ बद्दल लिहून ठेवलंय की आमच्या संमतीशिवाय वाद आयसीजेकडे न्यायचा नाही.

सगळंच इथे मिळेल असं मात्र धरू नका. १९४९ चे जिनिव्हा करार स्वित्झर्लंडकडे ठेवलेत, त्यांचं स्टेटस तिकडे बघायचं. प्रथेची तर यादीच नसते कुठे. आणि रॅटिफाय केलेला करार त्या देशाच्या कोर्टात चालेल का हेही इथे कळत नाही, ब्रिटनमध्ये त्यासाठी संसदेचा कायदा लागतो, नेदरलँड्समध्ये काही कलमं थेट लागू होतात, म्हणजे त्या त्या देशाची घटनात्मक व्यवस्था, कायदे नि निकाल वेगळे काढून वाचावेच लागतात.

आणि हो, पानाच्या वर स्टेटस कुठल्या तारखेचं आहे ते दिलेलं असतं, असाइनमेंटमध्ये ती तारीख न विसरता टाका.