साडेनऊला दिवे घालवणारी अभ्यासिका

नाव लिहीत नाही. एक तर नळाबद्दल खाली जे लिहिणार आहे ते अभ्यासिका सांभाळणाऱ्या मामांच्या कानावर जायला नको, आणि दुसरं म्हणजे खुर्च्या आधीच कमी आहेत. दादर पश्चिमेला, प्लाझा सिनेमापासून चालत सात-आठ मिनिटं, पहिला मजला. एवढ्यावर सापडली तर तुमचं नशीब.

मी मुद्रितशोधक. पुस्तकांची, दिवाळी अंकांची प्रुफं वाचते. 2025च्या फेब्रुवारीपासून काम आटलंच होतं. एक प्रकाशक ‘पुढच्या महिन्यात पाठवतो’ म्हणत राहिले आणि तो पुढचा महिना काही उजाडेना. आधी बरं वाटलं. कपाटं आवरली, लोणचं घातलं. मग आवरणंही सुटलं. अकराला अंघोळ, दुपारी झोप, लाइट बिल भरायला चार दिवस. काही न करता दमायचे मात्र रोज.

आणि गणपतीच्या तोंडावर दोन दिवाळी अंक एकदम अंगावर आले. त्यात दिवाळी लवकर. 2023ला लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला होतं, 2025ला ते 21 ऑक्टोबरला. म्हणजे हातातले तीन आठवडे पंचांगानेच खाल्ले. (1909 साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आमच्या जमातीचे गणपती असेच जात असणार.) घरी प्रुफं उघडली की मला चहा आठवायचा. चहा झाला की कढीपत्ता निवडायचा राहिलेला दिसायचा. शेवटी भाचीने इथे आणून बसवलं.

महिन्याचे सातशे. बावीस खुर्च्या, बहुतेक एमपीएससीची पोरं, दोन-तीन सीएवाली. मोबाइल वाजला तर कोणी बोलत नाही, नुसती एकवीस डोकी वळतात. ते जास्त वाईट. पंख्याचा रेग्युलेटर दोनवर आणि पाचवरच चालतो. पाचवर प्रुफं उडतात, दोनवर माणूस शिजतो. मी घरून चार गुळगुळीत दगड आणलेत.

पण पैसे मी देते ते बंद होण्याचे. सव्वानऊला मामा चपलांच्या फळीकडून सुरुवात करतात. आधी पंखे, एकेक करून. कागदांची फडफड थांबली की सगळ्यांच्या माना आणखी खाली जातात. मग खिडकीकडची ट्यूब, मग मधली. साडेनऊला अंधार. कुणाला एक मिनिट जास्त नाही. मी एकदा म्हटलं, “मामा, अर्धंच पान राहिलंय.” तर म्हणाले, “मावशी, सकाळी आठला उघडतो.”

पहिल्या दिवशी पाच ते साडेनऊमध्ये अकरा पानं झाली. आठवड्याभरात रोजचा फर्मा, म्हणजे सोळा पानं, व्हायला लागला. गणपती गेले तोवर रोज दोन फर्मे. खरं काम होतं ते सव्वानऊनंतर. नऊ बावीसला, शेवटच्या ट्यूबखाली, एका ऐतिहासिक कथेत सरदाराचं ‘शीर’ धडावेगळं झालेलं सापडलं. ऱ्हस्व शि हवी हो, शिर! शीर म्हणजे नस. तेवढी कापून लढाई कशी संपेल? एकटीच हसले. एकवीस डोकी वळली. सहा महिन्यांत पहिल्यांदा घरी जाताना जिना भरभर उतरले आणि भाजीवालीशी भांडलेसुद्धा.

तोटाही सांगते. घाईत बारीक टाइप दिसतो, मोठा सुटतो. ‘अनुक्रमणीका’ अशी ठसठशीत दीर्घ णी तशीच पुढे गेली असती; सकाळी कोऱ्या डोळ्यांनी पाहिली म्हणून वाचले. तेव्हापासून रात्रीची शेवटची चार पानं सकाळी घरी पुन्हा वाचते, आणि त्या वेळी कढीपत्ता आठवत नाही, हे विशेष.

नळ: जिन्याखालचा नळ जूनपासून गळतोय. बादली भरली की जो उठेल त्याने ओतायची, असा अलिखित नियम आहे, म्हणून तहान लागली तरी कोणी उठत नाही. पाण्याची बाटली घरून आणा.

पाचपैकी चार तारे. एक नळाचा कापला. यायचं तर पाचच्या आत या, आणि खिडकीजवळची, जिच्यापाशी दगड ठेवलेले दिसतील, ती खुर्ची सोडून बसा.