दमट हवा, पुरुमेंताची मासळी आणि फ्रीज: डायरेक्ट कूल की फ्रॉस्ट फ्री?

१ जूनपासून ६१ दिवस यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्यामुळे मेअखेरीस पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेल्या, सुक्या मासळीबरोबर गोव्यातले फ्रीझरही इसवण (सुरमई), बांगडे आणि सोललेल्या सुंगटांनी (कोळंबीने) भरून जातात. हवा सर्वांत दमट असते तीही याच दिवसांत. दार उघडताच ही हवा आत शिरते आणि तिच्यातले बाष्प थंड भिंतीवर थेट गोठून पांढरा थर धरते.

डायरेक्ट कूल फ्रीजमध्ये हा थर आपणच काढायचा असतो. तो बोटाच्या पेराएवढा वाढू दिला, तर भिंतीची थंडी आतल्या जिनसांपर्यंत नीट पोहोचत नाही, कॉम्प्रेसर अधिक वेळ चालतो आणि विजेचे बिल वाढते. आमच्या घरी एकदा घाईत सुरीने बर्फ खरवडताना आतली ॲल्युमिनियमची नळी फुटली, सगळा गॅस निघून गेला आणि दुरुस्तीचा खर्च ऐकल्यावर नवा फ्रीज घेणेच बरे वाटले. फ्रीज बंद करून आत गरम पाण्याचे पातेले ठेवले आणि खाली जुना पंचा अंथरला, की तासाभरात थर आपोआप सुटतो. श्रावणात मासळी वर्ज्य असलेल्या घरांत फ्रीझर रिकामाच असतो, त्यामुळे या कामाला तो महिना सोयीचा.

फ्रॉस्ट फ्रीमध्ये थंडी देणारी नळ्यांची कॉइल पडद्याआड असते, पंखा थंड हवा फिरवतो आणि ठरावीक वेळाने छोटा हीटर कॉइलवरचा बर्फ वितळवतो. ते पाणी मागच्या तबकात उतरून वाळून जाते. कष्ट वाचतात, पण वीज सहसा थोडी जास्त लागते, आणि फिरती कोरडी हवा उघड्या मासळीतला ओलावा शोषून घेते. कडेने पांढरी पडलेली, चिवट झालेली इसवणीची तुकडी ही तिचीच करणी. यावर गोव्यातल्या सुगरणींचा जुना उपाय चालतो: सुंगटे डब्यात बुडतील एवढे पाणी घालून गोठवायची. भिंतीवर नकोसा वाटणारा बर्फ इथे मासळीचे कवच होतो.

पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाणाऱ्या गावांत डायरेक्ट कूल उजवा ठरतो, कारण पंख्याविनाही त्याचे काम चालते आणि भिंतीवरचा बर्फ वितळेपर्यंत आतली थंडी बऱ्यापैकी टिकते. किंमतही कमी. मात्र दोन महिन्यांची बेगमी करायची, तर उणे १८ अंश तापमान लागते आणि अशा एकदारी फ्रीजचा छोटा बर्फाचा कप्पा सहसा तेवढा थंड होत नाही. अशा घराने रोजच्या वापराला फ्रॉस्ट फ्री आणि बेगमीला वरून उघडणारा वेगळा डीप फ्रीझर घ्यावा, असे माझे मत आहे. थंड हवा जड असल्याने झाकण उघडले तरी ती पेटीतच राहते आणि बर्फही कमी धरतो. आठवड्याच्या बाजारावर भागणाऱ्या दोन माणसांना मात्र साधा डायरेक्ट कूल पुरतो.

कोणताही घेतला तरी दाराच्या रबरात कागदाची पट्टी अडकवून ओढून पाहावी. ती सहज सुटली, तर दमट हवा तिथूनच आत येत आहे असे समजावे.