फायर टीव्ही स्टिक ४के : आठ महिन्यांच्या वापरानंतर

फायर टीव्ही स्टिक म्हणजे टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टात (चित्र-आवाज आत घेणाऱ्या खाचेत) लावायचे, इंटरनेटवरचे व्हिडिओ टीव्हीवर दाखवणारे ॲमेझॉनचे छोटे उपकरण. ४३ इंची ४के (फुल एचडीच्या चौपट बारकाव्याच्या) टीव्हीवर, रोज तीन-चार तास, असे आठ महिने ही स्टिक वापरून हे लिहिले आहे. चित्र झकास आहे, रिमोट घरातल्या कुणालाही पाच मिनिटांत कळतो. स्टिक अडकते, मधेच बंद पडते, रंग फिके दिसतात, अशा तक्रारींचे मूळ मात्र बहुतेक वेळा जोडणीत असते. म्हणून इथे जोडणीबद्दलच जास्त लिहिले आहे.

सर्वात मोठी चूक विजेची. सॉकेट लांब आहे म्हणून अनेक जण स्टिकची वायर टीव्हीच्याच यूएसबी पोर्टमध्ये खुपसतात. साध्या यूएसबी २.० पोर्टमधून जेमतेम अर्धा अँपिअर मिळतो, आणि सोबत येणारा ॲडॅप्टर ५ व्होल्ट, १ अँपिअरचा असतो. मेनूपुरते भागते, पण ४के व्हिडिओ सुरू झाला की वीज कमी पडते आणि स्टिक रीस्टार्ट होते. शिवाय बऱ्याच टीव्हींचा हा पोर्ट टीव्ही बंद होताच बंद होतो. मग दर वेळी स्टिक पहिल्यापासून सुरू होणार आणि रात्रीचे अपडेट होणारच नाहीत. एक्स्टेन्शन बोर्ड लावा, पण सोबतचाच ॲडॅप्टर वापरा.

दुसरी गोष्ट पोर्टची. टीव्हीचे सगळे एचडीएमआय पोर्ट सारखे नसतात. ६० हर्ट्झवर (म्हणजे सेकंदाला ६० वेळा बदलणाऱ्या चित्रात) ४के हवे तर एचडीएमआय २.० आणि एचडीसीपी २.२ (व्हिडिओची कॉपी रोखणारी व्यवस्था) असलेला पोर्ट लागतो. पोर्ट बरोबर असूनही टीव्हीच्या सेटिंगमध्ये तो पूर्ण क्षमतेने चालू करावा लागतो. सॅमसंगमध्ये 'इनपुट सिग्नल प्लस', एलजीमध्ये 'अल्ट्रा एचडी डीप कलर', सोनीमध्ये 'एन्हान्स्ड फॉरमॅट' अशी त्याची नावे आहेत. हे बंद असेल तर एचडीआर (उजेड, अंधार आणि रंग जास्त खुलवणारे चित्र) मिळत नाही, आणि दोष स्टिकच्या माथी जातो.

स्टिक थेट पोर्टात खोचू नका. डब्यात एचडीएमआयची छोटी एक्स्टेन्शन वायर येते, ती लावली की स्टिक टीव्हीच्या पत्र्यामागून थोडी बाहेर येते. वाय-फायला फरक पडतो, उष्णताही कमी साठते. राउटर त्याच खोलीत असेल तर ५ गिगाहर्ट्झचे नेटवर्क निवडा. मधे विटांच्या दोन भिंती असतील तर २.४ गिगाहर्ट्झचे बरे, पण सोसायटीत शेजाऱ्यांचे दहा राउटर त्याच पट्ट्यात असतात आणि संध्याकाळी त्याचा त्रास जाणवतो. नेटवर्कच्या यादीत आपल्या वाय-फायवर जाऊन प्ले-पॉझ दाबले की सिग्नल किती आहे ते दिसते. नेटफ्लिक्सच्या ४केसाठी १५ एमबीपीएस पुरतात, पण ते स्टिकपर्यंत पोहोचले पाहिजेत. मोबाइलवर राउटरशेजारी मोजलेला वेग इथे कामाचा नाही. आणि नेटफ्लिक्सवर ४के फक्त प्रीमियम प्लॅनमध्येच मिळते, हे आधी तपासा.

आता चित्र. 'डिस्प्ले अँड साउंड्स'मध्ये डायनॅमिक रेंज 'ॲडॅप्टिव्ह' ठेवा. 'ऑल्वेज एचडीआर' असेल तर साध्या मालिकाही जबरदस्तीने एचडीआरमध्ये जातात आणि चेहऱ्यांचे रंग विचित्र दिसतात. त्याच पानावर 'मॅच ओरिजिनल फ्रेम रेट' चालू करा. आपल्याकडच्या बऱ्याच मालिका सेकंदाला २५ फ्रेमच्या असतात. टीव्ही ६० हर्ट्झवर असेल तर ६० ला २५ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून कॅमेरा आडवा फिरताना चित्र बारीक हिसके देते. हे सेटिंग टीव्हीला ५० हर्ट्झवर नेते आणि हिसके थांबतात. बदलताना एक-दोन सेकंद पडदा काळा होतो, त्याला घाबरू नये. प्रत्येक ॲप हे सेटिंग पाळत नाही, ही उणीव आहे.

जुना साउंडबार ऑप्टिकल वायरने जोडला असेल आणि काही सिनेमांना आवाजच येत नसेल, तर सराउंड साउंड 'पीसीएम'वर (आवाजाच्या साध्या, न दाबलेल्या प्रकारावर) टाका. ऑप्टिकलमधून डॉल्बी डिजिटल प्लस हा सराउंड आवाजाचा प्रकार जात नाही.

मला सर्वात खुपते ती साठवण. ८ जीबी, त्यातही मोठा वाटा सिस्टीमचा. सात-आठ मोठी ॲप टाकली की काही महिन्यांत मेनू रेंगाळू लागतो. 'मॅनेज इन्स्टॉल्ड ॲप्लिकेशन्स'मध्ये जाऊन एकेका ॲपचा 'क्लिअर कॅश' करा, म्हणजे तात्पुरत्या फाइल पुसल्या जातात. शेजारचा 'क्लिअर डेटा' दाबलात तर लॉगिनही जाईल. मग मधले गोल बटण आणि प्ले-पॉझ एकत्र पाच सेकंद दाबून रीस्टार्ट करा. होम स्क्रीनवरच्या आपोआप वाजणाऱ्या जाहिराती 'फीचर्ड कंटेंट'मध्ये बंद होतात, ते पहिल्याच दिवशी करा.

वीज जाऊन परत आली की स्टिक आणि राउटर एकदमच सुरू होतात. पण फायबरची जोडणी लागायला मिनिट-दोन मिनिटे जातात, तोवर ॲप 'इंटरनेट नाही' म्हणते. लगेच सेटिंग चाचपू नका. राउटरला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस (वीज गेल्यावर बॅटरीवर चालवणारा डबा) लावला तर हा खोळंबा होत नाही. घेण्याआधी फायबरच्या डब्याचा आणि राउटरचा व्होल्ट ॲडॅप्टरवर वाचून घ्या.