नोबल मस्कडाइन: तीन नंबरच्या ग्लासात फसलो

मावसभाऊ नॉर्थ कॅरोलिनाहून आला, येताना तिकडच्या मस्कडाइन या रानद्राक्षाची लाल वाइन घेऊन आला. शनिवारी कोथरूडला आमच्या गच्चीवर पाच जणांनी ती नाशिकच्या तीन रेडसोबत ब्लाइंड चाखली, बाटल्या पेपरात गुंडाळलेल्या, ग्लासांवर नुसते नंबर.

तीन नंबर नाकाशी नेला आणि लगेच लिहून टाकलं, बंगलोर ब्लू, म्हणजे आपल्याकडचं काळं द्राक्ष. चुकलं! ती नोबल होती, मस्कडाइनची लाल जात.

घाई नडली. शिराझ-कॅबरने ही रेडची नेहमीची द्राक्षं नाहीत हे पहिल्याच वासाला कळतं, पण बंगलोर ब्लूमध्ये लॅब्रुस्का या अमेरिकन द्राक्षप्रजातीचा अंश आहे, तिचा वास द्राक्षाच्या सरबतासारखा थेट अंगावर येतो. इथे वास वेगळा होता, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा जॅम पातेल्यात आटत आला की येतो ना तसा, आणि मागून जाड साल चावल्यासारखा जडपणा.

दुसरी खूण रंगाची, ती तर समोरच होती. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरला तर कडेला चक्क विटकरी-तपकिरी, आणि बाटली फक्त दोन वर्षांची. मस्कडाइनच्या रंगद्रव्याला साखरेचे दोन रेणू चिकटलेले असतात, नेहमीच्या वाइनच्या द्राक्षात एकच, त्यामुळे हिचा रंग वाइनमध्ये नीट टिकत नाही आणि लवकर तपकिरी पडतो. वास ओळखता नाही आला तरी इथे थांबून विचार करायला हवा होता मी.

आणि नावावरून मस्कॅट समजू नका प्लीज. मस्कॅट ही द्राक्षाची जात वाइनच्या नेहमीच्या प्रजातीतली, म्हणजे व्हिनिफेरातलीच, मस्कडाइन वेगळी प्रजाती, अमेरिकेच्या आग्नेय भागातली रानवेल, गुणसूत्रं 40, व्हिनिफेराची 38. दमट हवा सोसते, पण द्राक्षात साखर कमी भरते म्हणून वाइन करताना बरेचदा वरून घालतात आणि बहुतेक बाटल्या गोडच निघतात. आमचीही गोड होती.

चव? थंडगार असेल तर मस्त, गच्चीवर अर्ध्या तासात कोमट झाली आणि नुसता गोडवा उरला. चीजबरोबर अजिबात नाही जमली, बाकरवडीबरोबर मात्र फार छान, तिखट-आंबट मसाल्यावर तो जॅमचा वास परत वर येतो. मी पाचपैकी साडेतीन देईन, कुणी तिकडून येणार असेल तर एक बाटली नक्की मागवा, आणि फ्रीजमधून अगदी ओतायच्या वेळीच काढा.